नुसतं वाचणारीचं कुलूप

१४ जून २००४, सोमवार

आजपासून रोजनिशी. इंग्रजीत लिहिणार होते, सवय व्हावी म्हणून. दोन ओळी झाल्या, तिसरी सुचेना. मराठीत लिहिते. इंग्रजी पुढच्या सोमवारपासून.

नोकरीला महिना झाला. ऑफिस नवीन जालन्यात, बियाण्याच्या दुकानावरच्या माडीत. माणसं तीनच. तातेराव सर मालक, धर्मराज सर सीनियर, औरंगाबादचे इंजिनिअर. आणि मी, कुशावर्ता राधाकिसन, बी.एस्सी. कॉम्प्युटर, मुक्काम शहागड. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिली. आजोबांनी मेंढरं राखली, अण्णा शेती करतात, मी मल्टिथ्रेडिंग करते. हे वाक्य गावी अण्णांना म्हणून दाखवलं. ते म्हणाले, जे काय करून राह्यली ते सावलीत बसून ना? मंग बरं हाये.

काम असं: मोंढ्यातल्या एका आडत्याला भावफलक करून द्यायचा. एका कॉम्प्युटरवर तूर, ज्वारी, सोयाबीन यांचे भाव. ते अनेक स्क्रीन एकदम वाचणार, आणि मुनीम मधूनमधून नवा भाव लिहिणार. वाचणारे कितीही असोत, एकमेकांना त्रास नाही. पण लिहिताना कोणी वाचायचं नाही, नाहीतर अर्धा जुना अर्धा नवा आकडा दिसेल. म्हणून वाचणाऱ्यानं आधी कुलूप धरायचं, वाचायचं, सोडायचं. याला रीड लॉक म्हणतात. सगळ्यांनी सोडलं की मग लिहिणारा आत. वाचणारा भाग माझा, लिहिणारा धर्मराज सरांचा.

मला हे फार आवडलं. समाजही असाच चालायला हवा.

१७ जून, गुरुवार

प्रोग्राम अडला. भाव बदलेना. तूर सकाळच्या भावावर थिजलेली.

चूक माझी निघाली. एका ठिकाणी, आकडा रिकामा असेल तर परत फिरायचं, असं लिहिलं होतं. परत फिरताना कुलूप सोडायचं राहिलं. धर्मराज सर रागावले नाहीत. म्हणाले, मॅडम, तुमचा वाचणारा घरी गेला, पण चावी खिशात घेऊन गेला. किती सौम्य माणूस.

संकल्प: पुन्हा विसरणार नाही. तळहातावर पेनानं 'सोड' लिहून ठेवलं.

१८ जून, शुक्रवार

विसरले. डबा धुताना तळहातावरचं पुसून गेलं होतं.

२० जून, रविवार. शहागड

आज घरी गंभीर विषय. माझी धाकटी बहीण केशर हिला अंबडचा पुंजाराम पसंत आहे. आपल्यातलाच, मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात आमच्या विहिरीची मोटार जळाली तेव्हा दुरुस्तीला आला होता. मोटार एकदाच जळाली, तो तीनदा येऊन गेला. त्याच्याकडचे पावणेही राजी. अडलंय फक्त माझ्यापाशी. थोरलीच्या आधी धाकटीचं करायचं नाही, ही आमच्या भावकीची रीत.

अण्णा म्हणाले, कुशे, तुला आता करायचं नसल तर नको करू. पण चार माणसांत तुझ्या तोंडानं म्हण, की केशरचं आधी होऊ द्या, माझी काही हरकत न्हाई. मी बोललो तर लोक म्हणतीन, थोरलीत काही खोट हाये म्हणून बाप लपवून राह्यला. तू बोल, इषय मिटला.

यात काय अवघड? मी अशा रिती मानतच नाही. लगेच म्हणणार होते. पण मग एक विचार आला. समजा, माझंही याच वर्षी जमलं तर? एका मांडवात दोघींची लग्नं. नाव घेत नाही, पण माणूस समजूतदार आहे. तो स्वतःहून बोलेल, मग मला चार माणसांत काही बोलायची गरजच पडणार नाही.

मी म्हणाले, थोडं थांबा. केशरनं माझ्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी भरून दिली.

२५ जून, शुक्रवार

मोठा दिवस!

धर्मराज सरांनी मला गार्ड शिकवला. कुलूप हातानं धरायचं नाही, हातानं सोडायचं नाही. महिरपी कंस उघडला की आत एक गार्ड ठेवायचा. तो जन्मताच कुलूप धरतो. कंस बंद झाला की तो मरतो, आणि मरतामरता कुलूप सोडतो. मध्येच परत फिरा, चूक होऊ द्या, काहीही होवो, कंसातून बाहेर पडलात की सुटलंच. लक्षात ठेवायचं काही नाही. 'सोड' ही ओळच लिहायची नाही.

मला तर डोळ्यांत पाणी आलं. सरांनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, पंख्याची धूळ.

खरंच, माणसानं स्वतःच्या आठवणीवर, धैर्यावर का अवलंबून राहावं? रचना अशी करावी की वेळ आली की आपोआप सुटेल. घरचंही तसंच. ते बोलतील, की आपोआप.

२८ जून, सोमवार

शहागडची एसटी उशिरा आली, ऑफिसला पोचायला साडेअकरा. माझ्या टेबलावर दोन पेढे. धर्मराज सर बाहेरच्या गॅलरीत फोनवर. शनिवारी संध्याकाळी माझा गार्ड पहिल्यांदा चालला होता, त्याचेच! किती लक्षात ठेवलं. आत आले तेव्हा मी म्हणाले, अभिनंदन सर. ते लाजले. कान लाल झाले होते. म्हणाले, थँक्यू मॅडम, सगळं एकदम जमून आलं.

मीही लाजले. एक पेढा खाल्ला, एक पुडीत ठेवला.

जुन्या जालन्यात मी जिथं खोली घेऊन राहते, त्या घरमालकीण झुंबरबाईंना पुडी दाखवली. त्या म्हणाल्या, पोरी, पेढे माणसाच्या कामाला वाटतेत, मशिनीच्या न्हाई. त्यांना सॉफ्टवेअर कळत नाही.

७ जुलै, बुधवार

जेवताना धर्मराजनी (सर लिहायचं राहिलं, राहू दे) विचारलं, तुमचं आडनाव काय. सांगितलं. ते म्हणाले, अच्छा. मग थोड्या वेळानं पुन्हा, अच्छा अच्छा.

माझ्याबद्दल एवढं कुतूहल यापूर्वी कोणी दाखवलं नव्हतं. त्यांचं घराणं मोठ्या जमीनदारांचं. पण शिकलेली माणसं जात बघत नाहीत. मी तर बिलकुल बघत नाही. म्हणजे दोघांचा प्रश्न मिटला.

१९ जुलै, सोमवार

कालपासून धोंड्याचा महिना. म्हणजे महिनाभर कोणी लग्नाचं विचारणार नाही. बरं झालं.

गावातल्या कारभारीच्या किराणा दुकानातून केशरचा फोन आला. म्हणाली, आक्का, ते लोक विचारून राह्यले. काय सांगू? म्हटलं, धोंडा आहे, सांग. म्हणाली, त्यांना बी म्हाइत हाये धोंडा. धोंड्याच्या नंतरचं विचारून राह्यलेत.

मी म्हणाले, माझं मन मोकळं आहे, मी कोणाला अडवलेलं नाही. आणि खरंच. मी काय करते? रोज खिडकीजवळच्या टेबलावर बसून एका माणसाकडे नुसतं बघते. तो चहा अर्धाच पितो, हे मला ठाऊक आहे. विचार करताना कॉलर चावतो, हे ठाऊक आहे. मी काही मागत नाही, काही बदलत नाही. नुसतं वाचते. नुसतं वाचणाऱ्यानं कोणाचं काय बिघडतं?

१८ ऑगस्ट, बुधवार

त्यानं विचारलं!!

शब्द जसेच्या तसे लिहिते. मॅडम, तुम्हाला काय वाटतं, लग्नानंतर मुलीनं नोकरी करावी का? आमच्या घरी जरा जुन्या विचाराचे आहेत.

मी पाऊण तास बोलले. आर्थिक स्वातंत्र्य, शिक्षणाचा उपयोग, मायचं आयुष्य, सगळं. तातेराव सर मध्येच आत आले, पुन्हा बाहेर गेले. धर्मराजनं सगळं नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, पटलं. आज घरी बोलतो.

आज घरी बोलतो!

झुंबरबाई म्हणाल्या, चार दिवस झाले, पावडर लावून चालली, कॉम्प्युटर तोंड बघतं का तुझं? मी नुसती हसले. बाई गं, पौषाच्या आत तुला मांडवात घेऊन जाईन.

१३ सप्टेंबर, सोमवार

मोंढ्यात डेमो. लिहू की नको. लिहिते, प्रामाणिकपणा महत्त्वाचा.

शेठजींनी स्क्रीनला हार घातला, नारळ फोडला. सकाळी तूर तेजीत. फलकावर दिसली. टाळ्या. अकराला तूर पडली. मुनिमानं नवा भाव टाकला. फलकावर सकाळचाच. पुन्हा टाकला. सकाळचाच. तेवढ्यात शेतकरी जमले. एक जण म्हणाला, बोर्डावर जो हाये तोच द्या शेठ. शेठजी म्हणाले, ते मशीन खराब हाये. तो म्हणाला, भाव पडला की मशीन खराब, चढला की बराबर, लई शानं मशीन हाये तुमचं. सगळे हसले. शेवटी शेठजींनी उपरणं काढून स्क्रीनवर टाकलं आणि मुनिमानं खडूनं पाटीवर भाव लिहिला. देवाला झाकतात तसा माझा फलक झाकलेला.

चूक माझीच. मी गार्ड वाचणाऱ्याच्या कामाच्या अगदी पहिल्या ओळीत ठेवला होता. एकदा धरलं की पुन्हा पुन्हा धरायची कटकट नाही, म्हणून. त्याच्या आत वाचत राहायचं चक्र, आणि ते चक्र कधी थांबत नाही. मग कंस बंद कधी होणार? गार्ड मरणार कधी? तो बिचारा इमानदारीनं कुलूप धरून बसला होता.

धर्मराजनं तिथंच पोत्यावर बसून दुरुस्त केलं. चक्राच्या आत दोन छोटे कंस, त्यात गार्ड आणि वाचायची एक ओळ. बस. म्हणाला, कंस लहान ठेवायचा मॅडम. वाचून झालं की तिथंच बंद. गार्ड आपोआप सोडतो, पण कंस संपला तर ना. तुमचा संपतच नाही.

तुमचा संपतच नाही. किती हळू म्हणाला. मला असं कधी कोणी काही बोललं नव्हतं.

३ ऑक्टोबर, रविवार. शहागड

पितृपक्ष. शुभ बोलायचं नाही. तरी अण्णा बोलले. पुंजारामकडचे दसऱ्यापर्यंत थांबणार आहेत. त्याच्या आजीला डोळ्यांदेखत नातसून पाहायची आहे, एक दुसरं स्थळही सांगून आलंय. अण्णा म्हणाले, दसऱ्याला सारी भावकी सोनं द्यायला आपल्या ओट्यावर येतीय. पुंजारामचा मामा बी यील. तू ये, दोन शब्द बोल. तुला काही करायचं न्हाई, नुसतं हो म्हणायचं हाये.

मी शब्द दिला. विद्येची शपथ.

माय म्हणाली, बाई, तुझ्या मनात कोणी असल तर तसं सांग, आम्ही काही खाऊन टाकणार न्हाई. मी म्हणाले, छे. वेळ आली की आपोआप कळेल. मायनं केशरकडे पाहिलं. केशर ज्वारी निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा

सकाळी सातची एसटी होती. साडीसुद्धा नेसले होते.

झालं असं की काल धर्मराज जाताना म्हणाला, उद्या मशीनची पूजा आहे ना, भेटू. भेटू! दसऱ्याच्या दिवशी आपट्याचं पान हातात देऊन माणूस काय काय बोलू शकतो. आज बोलला तर उद्या मी गावी जाऊन एकदम दोन्ही गोष्टी सांगीन. केशरचं आणि माझं. आज जाऊन अर्धंच सांगण्यापेक्षा उद्या पूर्ण सांगणं बरं. म्हणून एसटी सोडली. पुढची अकराला होती.

ऑफिसात पूजा झाली. कीबोर्डला हळदकुंकू. तातेराव सरांनी माउसला झेंडूचं फूल वाहिलं. धर्मराज आला नाही. तातेराव सर म्हणाले, त्याला औरंगाबादला जावं लागलं, पहिलाच दसरा आहे त्याचा तिकडे. पहिला कसा, तो तिथलाच ना? विचारायचं राहिलं.

अकराची एसटी गेली. म्हटलं, संध्याकाळपर्यंत येईलच. थांबले.

सोनं झुंबरबाईंनी दिलं. म्हणाल्या, सोन्यासारखी राहा. आन् गावाला का गेली न्हाईस? म्हटलं, काम होतं.

१ नोव्हेंबर, सोमवार

धर्मराज सर पुण्याला चालले. मोठ्या कंपनीत. पंधरा दिवसांत.

लग्न २८ तारखेला, औरंगाबादला. तातेराव सर म्हणाले, आपल्या तिघांत आता बिनलग्नाचं एकच उरणार. मी विचारलं, लग्न कधी ठरलं? धर्मराज सर हसले. म्हणाले, काय मॅडम, जूनमध्ये साखरपुड्याचे पेढे खाल्ले ना तुम्ही, सगळ्यांच्या आधी अभिनंदन तुमचंच होतं. आणि खरं सांगू, तुमचे उपकार आहेत. तुम्ही त्या दिवशी ते सगळं बोललात ना, तेच मी घरी बोललो. म्हणून घरचे तयार झाले. तिलाही पुण्यात नोकरी मिळाली. ती म्हणते, त्या मॅडमना भेटायचंय.

मी म्हणाले, वा.

पंख्याची धूळ आज खरंच होती.

दुपारी प्रोग्राम उघडून सगळे कंस तपासले. सगळे बराबर बंद होते.

संध्याकाळी ती जूनमधली पुडी उघडली. पेढ्याला मुंग्या लागून गेल्या होत्या. कधी लागल्या कोणास ठाऊक. मी पुडी नुसती बघत होते, उघडून पाहिलंच नव्हतं.

१४ नोव्हेंबर, रविवार. शहागड. दिवाळी

घरात पाऊल ठेवलं तेव्हा ओट्यावर चुलते, आत्याबाई, शेजारचे, सगळे फराळाला बसलेले. मी चप्पल न काढताच बोलले. वाटेत एसटीत पाठ केलं होतं. केशरचं लग्न आधी होऊ द्या, माझी काही हरकत नाही, उलट मला आनंद आहे, अशा रिती आपण सोडल्या पाहिजेत. आवाज अजिबात कापला नाही.

चुलत्यांनी चकली खाली ठेवली. अण्णा म्हणाले, चप्पल काढ, बस.

मग म्हणाले, पुंजारामचं दसऱ्याच्या दिवशीच ठरलं बाई. तिकडं. तुळशीचं लग्न झालं की त्याचं हाये. त्याचा मामा ओट्यावर बसून राह्यला दिवे लागेपर्यंत. मी म्हणत होतो, अकराच्या गाडीनं यील. मंग म्हणत होतो, चारच्या. शेवटी तो म्हणाला, राधाकिसनराव, पोरीची हरकत हाये असं समजतो. तुमचा राग न्हाई.

हरकत नव्हती, मी म्हणाले. माझी काहीच हरकत नव्हती.

अण्णा म्हणाले, मला म्हाइत हाये. त्याला कसं कळावं?

केशर चहा ठेवायला आत गेली. मी मागे गेले. चुलीपाशी बसले. तिनंच विचारलं, आक्का, तू ऑफिसात नेमकं काय करती? पहिल्यांदाच विचारलं. मी फलकाचं सांगितलं. वाचणारे, लिहिणारा, कुलूप.

ती म्हणाली, मंग तो लिहिणारा तवर काय करतो?

थांबतो.

त्याला कोणी सांगतं का, किती येळ थांबायचं ते?

नाही. मशीन त्याला निजवून ठेवतं. कुलूप सुटलं की उठवतं.

आन् वाचणाऱ्याला कळतं का, बाहेर कोणी उभं हाये ते?

मी म्हणाले, नाही कळत. तसं काही नसतं त्यात.

केशरनं पातेल्यात पाहिलं. म्हणाली, आक्का, साखर टाकली का गं मी?

२९ नोव्हेंबर, सोमवार

काल ऑफिसतर्फे लग्नाला तातेराव सर गेले. भेट म्हणून टेबल-लॅम्प. मीच निवडला.

आज मोंढ्यात फलक पुन्हा लावला. दिवसभर एकदाही अडला नाही. तूर चढली, दिसली. पडली, दिसली. मुनीम म्हणाला, आता बराबर झालं मॅडम, हात लावला की बदलून राह्यलं. शेठजींनी हार घालायला सांगितलं, यावेळी मला. मी स्क्रीनला घातला.

परत येताना कारभारीच्या दुकानात फोन केला, केशरला बोलवायला. त्यानं कोणाला तरी पाठवलं. पाठवलेला परत आला. कारभारी म्हणाला, ती म्हणती कामात हाये, मंग करील.

मी म्हणाले, मी थांबते लाइनवर.

तो म्हणाला, आक्का, इथं गिऱ्हाईक उभं हाये. आणि ठेवला.